पोत्यापासून अहवालापर्यंत: मका, शेंगदाणा आणि पशुखाद्यातील अफ्लाटॉक्सिन कसे मोजावे

अन्न किंवा पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीचे लक्ष साहजिकच महागड्या यंत्राकडे जाते आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची तपासणी म्हणजे एचपीएलसीच्या (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर उमटणारी चार शिखरे, अशी तिची समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात अहवालावर छापलेला आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे बहुतांशी माल पोत्यात असतानाच ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात नमुना घेणे आणि दळणे यांना जास्त जागा दिली आहे. यंत्राची बटणे दाबायला ते विकणारी कंपनीही शिकवते. शंभर पोत्यांमधून नेमके काय उचलायचे, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही.

नेमके काय मोजायचे आहे

अफ्लाटॉक्सिन ही मुख्यतः ॲस्परजिलस फ्लेवस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशांनी तयार केलेली विषे आहेत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली आणि त्याचा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत लागला, तेव्हा ती प्रथम ओळखली गेली. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्यामुळे यकृताच्या विकाराने शंभराच्या आसपास माणसे मरण पावली. तोच मका खाणारी गावातली कुत्रीही त्यातून सुटली नाहीत. मालात प्रामुख्याने चार प्रकार आढळतात. अतिनील प्रकाशात बी१ आणि बी२ निळसर, तर जी१ आणि जी२ हिरवट चमकतात. यांपैकी बी१ सर्वांत घातक असून, दुभत्या जनावराच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन एम१ हे रूप दुधात उतरते.

मोजमापाचे एकक पीपीबी, म्हणजे एका किलो मालातील मायक्रोग्रॅम. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार धान्ये आणि कडधान्यांत एकूण अफ्लाटॉक्सिन १५ पीपीबीपर्यंत, थेट खाण्याच्या शेंगदाण्यांत १० पीपीबीपर्यंत, प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यांत १५ पीपीबीपर्यंत आणि मसाल्यांत ३० पीपीबीपर्यंत चालते. दुधातील एम१ ची मर्यादा ०.५ पीपीबी आहे. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी बी१ ची मर्यादा २ आणि एकूण ४ पीपीबी, तर दुधासाठी ०.०५ पीपीबी आहे. त्यामुळे देशात सहज खपणारा माल युरोपच्या बंदरातून परत येऊ शकतो, यात कोणाचा डाव शोधण्याचे कारण नाही. दुभत्या जनावरांच्या संयुक्त पशुखाद्यासाठी भारतीय मानकात बी१ ची मर्यादा २० पीपीबी आहे.

पशुखाद्यातील आकडा आणि दुधातील आकडा यांचा संबंध नवख्याने एकदा कागदावर मांडून पाहावा. गाय दिवसाला ५ किलो खुराक खाते आणि त्यात बी१ ५० पीपीबी आहे असे धरले, तर तिच्या पोटात २५० मायक्रोग्रॅम बी१ जाते. त्यातला साधारण २ टक्के भाग एम१ होऊन दुधात उतरला, तर तो ५ मायक्रोग्रॅम होतो. गाय १० लिटर दूध देत असेल तर लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे थेट कायद्याच्या उंबरठ्यावर. खुराकात २० पीपीबी असेल तर हाच हिशेब ०.२ वर थांबतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईंत उतरण्याचे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंतही जाते, म्हणून हा हिशेब अंदाजापुरताच वापरावा. दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून एम१ नाहीसे होत नाही. खुराक बदलल्यावर ते काही दिवसांत दुधातून आपोआप ओसरते.

पहिली पायरी: कोणते विष शोधायचे ते ठरवणे

एका विषाचा किट (तयार चाचणीसंच) दुसऱ्या विषाबद्दल काहीही सांगत नाही. शेंगदाणा, मका, सरकी पेंड, मिरची आणि सुके खोबरे यांत अफ्लाटॉक्सिन आधी पाहावे. मका आणि ज्वारीत मात्र फ्युमोनिसिन हेही तितकेच महत्त्वाचे आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात सापडलेल्या बुरसट ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते, ते याच विषामुळे. काढणीच्या वेळी पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परिचित आहे. अशा ज्वारीचा नमुना अफ्लाटॉक्सिनच्या चाचणीत स्वच्छ निघाला, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. गव्हात डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, कॉफी आणि धान्यात ओक्राटॉक्सिन, सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन, अशी ही यादी पुढे वाढते. पुढील पायऱ्या अफ्लाटॉक्सिनला धरून लिहिल्या आहेत.

डोळ्यांना दिसणारी बुरशी हा पुरावा नव्हे, हेही येथेच नोंदवावे. हिरवट बुरशी आलेल्या दाण्यात विष नसू शकते आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या दाण्यात ते असू शकते, कारण बुरशी मेली तरी विष मागे राहते. काही व्यापारी काळ्या (अतिनील) दिव्याखाली मका धरून हिरवट-पिवळी चमक शोधतात. ती चमक बुरशीने तयार केलेल्या दुसऱ्याच पदार्थापासून येते, त्यामुळे संशय घेण्यापुरताच तिचा उपयोग आहे.

दुसरी पायरी: नमुना

सगळी अडचण अशी की विष मालात सारखे पसरलेले नसते. शेंगदाण्याच्या एखाद्याच दाण्यात ते १० लाख पीपीबीच्या घरात असू शकते आणि शेजारच्या हजारो दाण्यांत शून्य. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा २० किलो नमुन्यात आला, तर त्या एकट्याच्या जोरावर संपूर्ण नमुन्याचा आकडा २५ पीपीबी होतो. २० किलोत साधारण ४० हजार दाणे असतात हे लक्षात घेतले, म्हणजे वरच्या पोत्यातून मूठभर दाणे आणून केलेल्या तपासणीला किती अर्थ उरतो ते कळते. शंभर ग्रॅमच्या नमुन्यात तो दाणा बहुधा येणारच नाही आणि अहवाल निर्मळ निघेल. आला तर आकडा ५,००० पीपीबी दिसेल. दोन्ही अहवाल यंत्राच्या दृष्टीने अचूक, आणि मालाच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी.

म्हणून एका जागेवरून मोठा नमुना घेण्याऐवजी अनेक जागांवरून लहान लहान भाग घेऊन ते एकत्र करायचे असतात. युरोपीय संघाच्या पद्धतीत मोठ्या लॉटसाठी शंभर भाग घेतले जातात. शेंगदाण्यासाठी प्रत्येक भाग सुमारे २०० ग्रॅमचा, म्हणजे एकूण २० किलो. धान्यासाठी सुमारे १०० ग्रॅमचा, म्हणजे एकूण १० किलो. लहान लॉटसाठी भागांची संख्या कमी होते. निर्यातीचा माल नसला तरी हीच शिस्त शक्य तेवढी पाळावी.

नमुना घेण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे माल वाहत असतानाची. ट्रकमधून मका हौदात पडत असताना किंवा पट्ट्यावरून पुढे सरकत असताना, ठरावीक अंतराने संपूर्ण धार आडवी छेदून भाग घ्यावा. धारेच्या एकाच कडेला पातेले धरू नये, कारण हलके, किडके आणि फुटके दाणे एका बाजूला सरकतात आणि विष बहुधा त्यांच्यातच जास्त असते. माल पोत्यांत थप्पी लावून ठेवलेला असेल, तर पोत्यात खुपसायच्या टोकदार नळीने वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतील पोत्यांमधून भाग घ्यावेत. नळी लांबीला पुरेशी असावी; आखूड नळी पोत्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. हाताला लागतील ती बाहेरचीच पोती निवडण्याचा मोह होतो आणि माल आणणाऱ्याचीही तीच इच्छा असते, हे सांगून ठेवलेले बरे.

ताडपत्री गळून भिजलेली, आतून गरम लागणारी किंवा गाठी धरलेली पोती आढळली, तर ती बाजूला काढून त्यांचा नमुना वेगळा घ्यावा आणि तशी नोंद करावी. ती चांगल्या मालात मिसळून सरासरी काढल्याने आकडा सौम्य होतो, पण दोष तसाच राहतो.

गोळा केलेला नमुना कापडी किंवा जाड कागदी पिशवीत भरावा. पावसाळ्यात ओलसर मका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कुरिअरने पाठवला, तर वाटेत घाम धरून बुरशी वाढते आणि प्रयोगशाळेत पोहोचणारा आकडा शेतातला किंवा गोदामातला राहत नाही. मक्यात १४ टक्क्यांहून अधिक ओलावा असेल तर नमुना त्याच दिवशी वाळवावा किंवा थंड जागी ठेवावा. पिशवीवर लॉटचा क्रमांक, वजन, किती भाग घेतले, कोठून घेतले, तारीख आणि ओलावा लिहावा. पिशवीच्या आतही एक चिठ्ठी टाकावी, कारण बाहेरची चिठ्ठी गळून पडतेच.

दुधाच्या बाबतीत यातली निम्मी डोकेदुखी नसते. टाकीतले दूध नीट ढवळले की कोणतेही भांडे बुडवले तरी सारखेच; म्हणूनच दूध संघात एम१ तपासणे हा संकलनक्षेत्रातील खुराकावर लक्ष ठेवण्याचा स्वस्त मार्ग ठरतो.

तिसरी पायरी: दळणे आणि वाटणे

दहा किलो मक्यातून आधी शंभर ग्रॅम दाणे वेगळे काढून मग ते दळणे ही नवख्यांची हमखास चूक आहे. क्रम उलटा हवा: आधी सगळा नमुना दळायचा, मग त्यातून छोटा भाग घ्यायचा. पीठ इतके बारीक असावे की सुमारे ०.८५ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून त्यातले ९५ टक्के खाली जाईल. दळलेले सगळे पीठ नीट मिसळून स्वच्छ कागदावर पसरावे, त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे बाजूला काढावेत, आणि हवे तेवढे पीठ उरेपर्यंत हेच पुन्हा करावे. वाटणी करणारे यंत्र उपलब्ध असेल तर उत्तमच.

शेंगदाणा गिरणीत तेल सोडून लगदा होतो आणि पाती जाम होतात. त्यासाठी दाणे गोठवून दळावेत किंवा पाण्याबरोबर वाटून पातळ सरबरीत वाटण करावे. वाटणात विष पिठापेक्षा अधिक सारखे पसरते. मात्र वजन करताना आणि पुढे हिशेब मांडताना त्यातले पाणी विसरू नये.

दोन नमुन्यांच्या मध्ये गिरणी ब्रशने साफ करावी, थोडा स्वच्छ मका दळून फेकून द्यावा आणि मगच पुढचा नमुना घ्यावा. दळताना उडणाऱ्या धुळीत हेच विष असते, म्हणून चांगला मास्क आणि हातमोजे यांत सवलत घेऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे.

चौथी पायरी: पद्धत निवडणे

काट्यावर ट्रक उभा असेल आणि अर्ध्या तासात घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचे असेल, तर पट्टी चाचणी (अर्क लागल्यावर रेघ उमटणारी पट्टी) योग्य. दिवसाला चाळीस-पन्नास नमुने असतील तर एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगावरून विष मोजणारी चाचणी) परवडते. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संस्थेने भुईमुगासाठी कमी खर्चाची एलायझा पद्धत विकसित केलेली आहे. निर्यात, वाद किंवा कायदेशीर कारवाई असेल तर एचपीएलसी किंवा एलसी-एमएस-एमएसच (रेणूंच्या वस्तुमानावरून विष ओळखणारी पद्धत) हवी, आणि तीही आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. मान्यता आहे एवढे पाहून थांबू नये, तिच्या व्याप्तीत आपला पदार्थ आणि आपले विष दोन्ही लिहिलेले आहेत का ते वाचावे.

पट्टी आणि एलायझा या दोन्हींत उलटा हिशेब असतो: विष जितके जास्त, तितकी चाचणीची रेघ फिकी आणि तितका रंग कमी. पट्टीवर चाचणीची रेघ अजिबात उमटली नाही तर विष भरपूर आहे असा अर्थ होतो. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर मात्र पट्टीच वाया गेली, निकाल द्यायचा नाही. दिलेल्या मिनिटालाच वाचन करावे, चहा पिऊन आल्यावर नव्हे. एलायझात किट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, प्रत्येक प्लेटवर प्रमाण द्रावणे (ठाऊक मात्रेत विष असलेली) पुन्हा लावावीत, नमुने दोन-दोन खाचांत घ्यावेत, आणि ४५० नॅनोमीटरवरचे वाचन त्या द्रावणांवरून काढलेल्या प्रमाणरेषेच्या बाहेर गेले तर अर्क पातळ करून चाचणी पुन्हा करावी. रेषा पुढे ओढून आकडा काढू नये.

किट कोणत्या पदार्थासाठी तपासलेला आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. मक्यासाठी बनवलेली पट्टी सरकी पेंडीवर किंवा मिरचीवर चालवली तर त्यातील गडद रंगद्रव्ये निकाल फिरवू शकतात. हल्ली पशुखाद्यात इथेनॉल कारखान्यांतून येणारे डीडीजीएस (धान्यातून इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा) बरेच वापरले जाते. त्यात दोन अडचणी एकत्र येतात: पदार्थ गडद आणि गुंतागुंतीचा, आणि स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ धान्यातले विष जवळपास तिपटीने एकवटलेले. कोरड्या मक्याचा आकडा पाहून डीडीजीएसचा अंदाज बांधू नये.

पाचवी पायरी: अर्क आणि शुद्धीकरण

एचपीएलसीसाठी प्रचलित असलेली एक मांडणी येथे आकड्यांसह दिली आहे. ५० ग्रॅम पीठ आणि ५ ग्रॅम मीठ घेऊन त्यात ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग पाणी यांचे १०० मिलिलिटर मिश्रण घालावे, मिक्सरमध्ये वेगाने फिरवावे आणि घडी घातलेल्या गाळण कागदातून गाळावे. गाळून ६०-७० मिलिलिटरच मिळाले तरी हिशेबात १०० च धरायचे, कारण विष घातलेल्या सगळ्या द्रावकात विरघळलेले असते. यातले १० मिलिलिटर घेऊन पाण्याने किंवा बफरने ५० मिलिलिटरपर्यंत पातळ करावे आणि काचतंतूंच्या गाळणीतून पुन्हा गाळावे. पातळ करण्याचे कारण असे की पुढच्या इम्युनोअफिनिटी कॉलममधील, म्हणजे शुद्धीकरणाच्या नळीतील, विष धरून ठेवणारी प्रतिपिंडे जास्त मिथेनॉल सहन करीत नाहीत. येथे ते १६ टक्क्यांवर येते. कॉलमच्या पत्रकात दिलेली मर्यादा याहून कमी असेल तर आणखी पातळ करावे.

पातळ केलेल्या अर्कातील १० मिलिलिटर कॉलममधून सेकंदाला एक-दोन थेंब या संथ गतीने जाऊ द्यावे. घाई करून पिचकारीने दाबले, तर विष प्रतिपिंडांना चिकटण्याआधीच निघून जाते आणि आकडा कमी येतो. नंतर पाण्याने दोनदा धुवावे, हवा फिरवून कॉलम कोरडा करावा आणि १ मिलिलिटर मिथेनॉल घालून ते कॉलममध्ये थोडा वेळ थांबू द्यावे. मग ते अंबर रंगाच्या कुपीत उतरवून घ्यावे. अनेक कॉलमची क्षमता १०० नॅनोग्रॅमच्या आसपास असते. अतिदूषित पेंडीचा अर्क तसाच घातला तर कॉलम भरून वाहतो, आणि हजार पीपीबीचा माल शंभराचा दिसतो.

सहावी पायरी: यंत्र

घटक वेगळे करणारा सी-१८ कॉलम, पाणी-मिथेनॉल-ॲसिटोनायट्राइलचे मिश्रण आणि चमक मोजणारा फ्लुओरेसन्स डिटेक्टर, त्यात ३६५ नॅनोमीटरवर उत्तेजन आणि ४४० च्या आसपास वाचन, एवढ्यावर काम भागते. शिखरे बहुधा जी२, जी१, बी२, बी१ या क्रमाने येतात. पाणी असलेल्या द्रावकात बी१ आणि जी१ ची चमक मंदावते, म्हणून कॉलमनंतर ब्रोमीनची किंवा अतिनील दिव्याची प्रक्रिया जोडावी लागते. ती बंद पडली तर बी२ आणि जी२ नेहमीसारखे दिसतात, पण बी१ खाली कोसळतो. स्वच्छ निकालावर आनंद मानण्यापूर्वी प्रमाण द्रावणातला बी१ पाहावा. एलसी-एमएस-एमएसमध्ये बी१ ३१३ या आयनावरून २८५ आणि २४१ या तुकड्यांवर ओळखला जातो. एकाच फेरीत अनेक विषे मोजता येतात, परंतु पदार्थातले इतर घटक संकेत दाबतात, म्हणून समस्थानिक-अंकित अंतर्गत प्रमाण (तेच विष, पण जड अणूंनी बनवलेले, ठाऊक मात्रेत नमुन्यात घालून) वापरणे श्रेयस्कर.

सातवी पायरी: हिशेब

वरच्या मांडणीत ५० ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरला ०.५ ग्रॅम, पाचपट पातळ केल्यावर ०.१ ग्रॅम, कॉलमवरून १० मिलिलिटर नेले म्हणजे १ ग्रॅम मालाइतका अर्क. तो पाणी घालून २ मिलिलिटर केला आणि यंत्राने चारही प्रकार मिळून मिलिलिटरला ६.२ नॅनोग्रॅम दाखवले, तर १ ग्रॅममध्ये १२.४ नॅनोग्रॅम, अर्थात १२.४ पीपीबी. आता त्याच दिवशी स्वच्छ मक्यात ठाऊक असलेले विष घालून काढलेली रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत सापडलेला भाग) ८५ टक्के असेल, तर दुरुस्त आकडा १४.६ होतो. धान्याच्या १५ च्या मर्यादेत तो बसतो, पण मापनाची अनिश्चितता २० टक्के असेल तर तो ११.७ ते १७.५ यांमध्ये कोठेही असू शकतो. असा आकडा रिकव्हरी आणि अनिश्चिततेसह लिहावा. नुसते «पास» लिहू नये.

रिकव्हरी ७० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेली तर त्या दिवसाचे निकाल रोखून धरावेत. प्रत्येक तुकडीत एक कोरा (विष नसलेला) नमुना, एक विष घातलेला नमुना आणि एक पुन्हा केलेला नमुना ठेवावा, आणि शक्य असेल तेव्हा प्रमाणित संदर्भ पदार्थ (विषाची मात्रा आधीच निश्चित केलेला) चालवावा. बाहेरच्या प्राविण्य चाचणीत (एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना देऊन त्यांचे निकाल ताडणाऱ्या) वर्षातून किमान एकदा भाग घ्यावा.

काम झाल्यावर

प्रमाण द्रावणे अंबर काचेत, अंधारात आणि थंडीत ठेवावीत. न धुतलेल्या साध्या काचेला विष चिकटते, म्हणून कुप्या सौम्य आम्लाने धुऊन घ्याव्यात. कोरड्या अफ्लाटॉक्सिनची पूड उघडी हाताळू नये, तयार द्रावणच विकत घ्यावे. वापरलेली काचपात्रे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भिजवून मगच धुवावीत. मिथेनॉलचे टाकाऊ द्रावण मोरीत ओतू नये.

दळलेल्या नमुन्याचा एक सीलबंद भाग, वर लॉटचा क्रमांक लिहून, फ्रीझरमध्ये ठेवावा आणि माल विकणारा, घेणारा व तपासणारा यांच्यात कोणताही वाद उरला नाही याची खात्री झाल्यावरच तो टाकून द्यावा. तिऱ्हाईत प्रयोगशाळेकडे फेरतपासणीसाठी पाठवायचा तो हाच भाग. त्याच ट्रकमधून नव्याने घेतलेला नमुना म्हणजे नवे मोजमाप असते, आणि त्याचा आकडा वेगळा आल्यास त्यावरून पहिली प्रयोगशाळा चुकली असे म्हणता येत नाही.